चिमूटभर मिठाची झडती

महाराष्ट्रात बारावीनंतर बीएस्सी केमिस्ट्रीला प्रवेश मिळाला म्हणून कुणी पेढे वाटत नाही. नातेवाईक आवाज खाली आणून विचारतात, "नीटला किती पडले होते?" शेजारचे काका धीर देतात, "हरकत नाही, पुढे बीएड करता येतं." या पदवीकडे आपण उरलेल्यांची रांग म्हणून बघतो आणि तिच्या आत नेमकं काय चालतं याची चौकशीही करत नाही. मला विचाराल तर विद्यापीठांत मिळणाऱ्या पदव्यांमध्ये इतकी अचाट दुसरी नसावी. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना इथे एक गोष्ट शिकवतात: जी वस्तू जन्मात डोळ्यांना दिसणार नाही तिची ओळख पटवायची, आणि आपल्याला दुसरंच उत्तर हवं असलं तरी पटलेली ओळख मान्य करायची.

सुरुवात एका पुडीने होते. कॉलेज तालुक्याचं असो की मुंबईचं, केमिस्ट्रीची लॅब ओळखू येते. आम्लांचे डाग पडलेली लाकडी टेबलं, त्यावर बाटल्यांची दुमजली मांडणी, मध्ये सिंक आणि हवेत एक न जाणारा दर्प. लॅबमधले मामा (लॅब अटेंडंटला आपल्याकडे मामाच म्हणतात) प्रत्येकाच्या हातात कागदात बांधलेलं चिमूटभर सॉल्ट ठेवतात. आत दोन धातूंचे क्षार मिसळलेले असतात. कोणते ते शोधायचं. चव घ्यायची नाही, मामांना विचारायचं नाही. (मामांना उत्तर माहीत असतं, अशी प्रत्येक कॉलेजात ठाम श्रद्धा असते. ती बहुतेक वेळा खरीही असते.)

आता विचार करा. पुडीत शिसं असू शकतं, तांबं, कॅडमियम, लोखंड, जस्त, निकेल, बेरियम, मॅग्नेशियम, काहीही. पाण्यात विरघळवल्यावर हे सगळे विद्युतभारित कण होऊन एकमेकांत मिसळून जातात. त्या गर्दीतून एकेकाला बाहेर कसं काढायचं? उत्तर असं की एका वेळी एकाच गटाला न विरघळण्याची सक्ती करायची. आधी हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. चांदी, शिसं किंवा पारा असेल तर पांढरा साका खाली बसतो, बाकीचे तसेच तरंगत राहतात. साका गाळून घ्यायचा आणि खालच्या आम्लयुक्त पाण्यात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा. तांबं काळं होऊन बसतं, कॅडमियम हळदीसारखं पिवळंधमक, अँटिमनी नारिंगी. पुन्हा गाळायचं. मग अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया: लोखंड गंजाच्या रंगात, अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या जेलीसारखं, क्रोमियम मळकट हिरवं. पुन्हा तोच सडका वायू, पण या खेपेला अमोनियाच्या पाण्यात, आणि आता जस्त पांढरं उतरतं, मँगनीज फिकट गुलाबी. पोरं याला "पीपीटी आला" म्हणतात (पीपीटी म्हणजे प्रेसिपिटेट, साका) आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडून एकमेकांना सांगतात.

इथे थांबण्यासारखं काहीतरी आहे. वायू तोच. मग पहिल्या खेपेला जस्त का बसलं नाही? हायड्रोजन सल्फाइड पाण्यात गेला की त्यातला थोडासाच भाग सुटा सल्फाइड होतो, आणि पाण्यात आम्ल असेल तर तो थोडासा भागही दाबला जातो, अगदी नाममात्र उरतो. तांब्याचं सल्फाइड इतकं अविद्राव्य असतं की ते नाममात्र सल्फाइडही त्याला पुरतं. त्याच्या आणि जस्ताच्या सल्फाइडच्या विद्राव्यता गुणाकारांत काही लाख कोटी पटींचा फरक आहे, त्यामुळे जस्ताला तेवढ्यावर भागत नाही. अमोनियाने आम्ल मारलं की सल्फाइड वाढतं आणि जस्ताचीही पाळी येते. म्हणजे आम्लाचं प्रमाण बदलून आपण चाळणीची भोकंच लहान-मोठी करत असतो, आणि चाळून काढत असतो ते कण लॅबमधल्या कुठल्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणार नाहीत असे. एफवायच्या पोराला हे सगळं तोंडपाठ असतं. त्यातलं आश्चर्य त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

या झडतीची पद्धतशीर घडी बसवली कार्ल रेमिगिउस फ्रेझेनिउस या जर्मन तरुणाने. १८४१ मध्ये त्याचं गुणात्मक विश्लेषणाचं पुस्तक आलं तेव्हा तो तेविशीच्या आसपास होता. पुढे तो गीसन या छोट्या गावच्या विद्यापीठात युस्टुस फॉन लीबिगचा साहाय्यक झाला. केमिस्ट्रीच्या पदवीची आजची ठेवण मोठ्या अंशी त्या गीसनमधून आलेली आहे. लीबिग तिथे १८२४ मध्ये प्राध्यापक झाला तो एकविसाव्या वर्षी, अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टच्या शिफारशीने. सैनिकांच्या जुन्या पहारेघरात त्याने प्रयोगशाळा थाटली. तोवर बहुतेक विद्यापीठांत केमिस्ट्री म्हणजे व्याख्यान असे: गुरुजी वर प्रयोग करून दाखवत, शिष्य खाली बसून बघत. लीबिगने शिष्यांच्याच हाती काचसामान दिलं, आणि दिवसभर, रोज. १८३१ मध्ये त्याने पाच फुग्यांचं एक त्रिकोणी काचेचं उपकरण काढलं. सेंद्रिय पदार्थ जाळला की निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई. उपकरणाचं वजन किती वाढलं ते बघितलं की पदार्थात कार्बन किती हे कळे. जे काम आधी फक्त उस्तादांना जमत असे ते साध्या विद्यार्थ्याला जमू लागलं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ते पाच फुगे आजही आहेत.

त्या पहारेघराचा पसारा पुढे किती वाढला ते बघा. ऑगस्ट केकुले गीसनला आला होता वास्तुशास्त्र शिकायला. लीबिगची व्याख्यानं ऐकून त्याने विषय बदलला आणि १८६५ मध्ये बेंझीनचं वलय मांडलं. ऑगस्ट हॉफमान हा लीबिगचा आणखी एक शिष्य. तो १८४५ मध्ये लंडनच्या नव्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत गेला. त्याच्या हाताखालच्या विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराने १८५६ मध्ये क्विनीन बनवायला घेतलं आणि बनला तो जांभळा रंग. कृत्रिम रंगांचा सगळा उद्योग त्या फसलेल्या प्रयोगातून उभा राहिला.

लॅबमधलं सामानही असंच गावोगावचं. किप अ‍ॅपरेटस, तीन काचगोळ्यांचं, ज्यातून तो सडका वायू येतो, ते १८४४ मध्ये डेल्फ्टच्या पेत्रुस किपने काढलं. तोटी बंद केली की आत साचणारा वायूच आम्लाला वर ढकलतो, आम्ल आतल्या आयर्न सल्फाइडच्या खड्यांपासून दूर जातं आणि क्रिया आपोआप थांबते. विजेशिवाय, झडपेशिवाय. यंत्ररचना म्हणून मला हे फार देखणं वाटतं. वायू मात्र विषारी. त्याचा वास जास्त प्रमाणात नाकच बधिर करतो, त्यामुळे वास यायचा थांबला याचा अर्थ धोका टळला असा होत नाही. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी त्याचा वापर कमी झाला आहे आणि किप कपाटावर धूळ खात असतो. बन्सन बर्नर १८५५ च्या सुमाराला हायडेलबर्गमध्ये तयार झाला. त्याच्या जवळजवळ रंगहीन ज्योतीत क्षार धरला की पोटॅशियम फिकट जांभळं दिसतं, स्ट्राँशियम किरमिजी, बेरियम कोवळ्या सफरचंदासारखं हिरवं, आणि सोडियमचा पिवळा सगळ्यांना झाकून टाकतो. हीच ज्योत लोलकातून बघत बन्सन आणि किर्खहॉफ यांनी १८६० मध्ये सीझियम शोधलं. मग शुद्ध क्षार हाती यावा म्हणून बन्सनने झऱ्याचं चाळीसेक टन पाणी आटवलं आणि मिळाले काही ग्रॅम.

सॉल्टनंतर येतं टायट्रेशन. इथे प्रश्न "काय आहे" असा नसतो, "किती आहे" असा असतो. ब्युरेटमध्ये गडद जांभळं पोटॅशियम परमँगनेट, खाली कोनिकल फ्लास्कमध्ये तापवलेलं ऑक्झॅलिक आम्ल. पहिला थेंब पडतो आणि रंग जाता जात नाही. नवखा विद्यार्थी घाबरतो, चुकलं म्हणतो. थोडं थांबलं की रंग उडतो. पुढचा थेंब जरा लवकर उडतो, मग थेंब पडताक्षणी नाहीसे होऊ लागतात. याचं कारण या क्रियेत तयार होणारे मँगनीजचे कण त्याच क्रियेचा वेग वाढवतात. क्रिया स्वतःच स्वतःला पळवते. आणि मग एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी छटा टिकून राहते. एण्ड पॉइंट. ऑक्झॅलिक आम्ल संपलं.

त्या शेवटच्या थेंबात किती कण असतात? थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर आणि द्रावण ०.०२ मोलर धरलं तर परमँगनेटचे कण भरतात कोटी गुणिले कोटी, त्याच्या सहा हजार पट. आकडा प्रचंड वाटतो, पण वजनात तो मिलिग्रॅमच्या सहाव्या हिश्शाएवढा आहे. तेवढ्यावरून डोळा सांगतो, झालं. एकही कण न बघता पोरगी कण मोजत असते, आणि तेही शाई गळणाऱ्या पेनने जर्नलमध्ये तीन रीडिंग लिहीत.

जर्नलचा विषय निघाला आहे तर या पदवीतलं एक गुपितही सांगायला हवं. रीडिंग जुळवली जातात. पहिलं ९.८ आलं, दुसरं १०.३, तर तिसरं हटकून ९.८ येतं, कारण दोन सारखी आल्याशिवाय सर सही करत नाहीत. एक्स्टर्नल परीक्षकांनाही हे माहीत असतं, कारण त्यांनी स्वतःही एके काळी तेच केलेलं असतं. कॉलेजात याला कुणी फसवणूक म्हणत नाही, हुशारी म्हणतात. पदार्थाचं उत्तर जसंच्या तसं मान्य करण्याची जी शिस्त या पदवीचा कणा आहे तीच इथे पहिल्यांदा वाकते. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

एसवाय-टीवायला ऑरगॅनिक अंगावर येतं. पांढरे स्फटिक केसासारख्या बारीक नळीत भरायचे, तापवायचे आणि ते नेमके कुठल्या अंशाला वितळतात ते बघायचं. बेंझोइक आम्ल १२२ अंशांना वितळतं. ते बेंझोइकच आहे का अशी शंका असेल तर त्यात खात्रीचं बेंझोइक मिसळून पुन्हा वितळवायचं. आकडा तोच राहिला तर दोन्ही एकच, खाली घसरला तर दुसरंच काहीतरी आहे, कारण परकं द्रव्य मिसळलं की वितळणं लवकर होतं. इतकी स्वस्त आणि इतकी चोख साक्ष न्यायालयातही मिळत नसेल. याच काळात बर्फात ठेवलेल्या चंचुपात्रात अ‍ॅनिलीन, आम्ल आणि सोडियम नायट्राइट एकत्र येतात. शून्य ते पाच अंशांत एक नाजूक डायझोनियम क्षार जन्मतो, आणि तो बीटा नॅफ्थॉलच्या द्रावणात ओतताच नारिंगी-लाल रंग असा उसळतो की शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात. योहान पेटर ग्रीसने ही डायझोची क्रिया १८५८ मध्ये शोधली होती.

मुंबई या रंगाचं वेगळंच देणं लागते. कापडाच्या गिरण्यांच्या शहरात १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, आणि सुरुवातीचे विषय होते वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. लोक त्याला यूडीसीटी म्हणत. आता ती माटुंग्याची आयसीटी आहे. १९३८ मध्ये के. वेंकटरामन तिचे पहिले भारतीय प्रमुख झाले. रंगांच्या रसायनावर त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला, आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालकही तेच झाले.

फिजिकल केमिस्ट्रीला मुलं कंटाळतात, पण माझ्या लेखी खरी धमाल तिथे आहे. टीवायला एक गणित असतं: इलेक्ट्रॉन एका बंद पेटीत कोंडला तर त्याची ऊर्जा कोणकोणती असू शकेल? पेटी लांब तशी ऊर्जेच्या पायऱ्यांमधली उंची कमी. आता गाजर घ्या. त्याचा रंग बीटा कॅरोटीनचा. त्याच्या साखळीत एकाआड एक अकरा दुहेरी बंध असतात, म्हणजे बावीस इलेक्ट्रॉन एका लांब पेटीत. पेटीची लांबी घालून गणित करा, रेणू कुठला प्रकाश गिळेल ते निघायला हवं. निघतं साधारण १२०० नॅनोमीटर, म्हणजे अवरक्त. प्रत्यक्षात कॅरोटीन ४५० च्या आसपास निळा प्रकाश गिळतं, म्हणून तर गाजर केशरी. गणित सपशेल आपटलं! पण कशाने आपटलं ते पाहण्यात मजा आहे. पेटीच्या गणितात इलेक्ट्रॉन साखळीभर सारखाच मोकळा धरलेला असतो, कॅरोटीनमध्ये मात्र एक बंध आखूड आणि पुढचा लांब अशी वाट खडबडीत असते. सायनाइन नावाच्या रंगांमध्ये सगळे बंध जवळपास सारखे असतात, आणि तिथे हेच पोरकट गणित बऱ्यापैकी बरोबर येतं. म्हणजे उत्तर किती चुकलं यावरूनही रेणूच्या पोटातली गोष्ट कळते. चांगला शिक्षक हे गणित गाजरावरच घालतो.

तीन वर्षं संपतात. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथं ऑनर्सचं वर्षही आणलं आहे. कुणी विद्यापीठाच्या विभागात एमएस्सीला जातं, कुणी जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत. एमएस्सीला गेल्यावर ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक, फिजिकल, अ‍ॅनालिटिकल अशा वाटा फुटतात, आणि कुठल्याही वाटेने गेलं तरी एक गोष्ट घडते: बीएस्सीने ज्यांना तयार केलं ते डोळे आणि नाक बाजूला काढून ठेवावे लागतात. रंग, साका, वास यांवर आता भागत नाही. समोर येतो एक कागद आणि त्यावर टोकदार रेघा.

या रेघांमागे सममिती असते. पहिल्या सत्रात मुलं ग्रुप थिअरीला वैतागतात: रेणू फिरवा, आरशात बघा, पुन्हा तसाच दिसतो का सांगा. इतक्या कोरड्या खेळातून एक उत्तर हाती येतं. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा आहे. हे दोन-दोन सारख्या अणूंचे रेणू कसेही थरथरले तरी दोन्ही टोकांचा विद्युतभार समतोलच राहतो, त्यामुळे जमिनीतून वर जाणारी उष्णता त्यांना पकडता येत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेत जेमतेम ०.०४ टक्के आहे. पण तो वाकू शकतो, एका बाजूला जास्त ताणला जाऊ शकतो, आणि तसं होताना त्याचा समतोल बिघडतो. म्हणून उष्णता तो पकडतो. पृथ्वीच्या तापाचं एक मूळ एमएस्सीच्या सममितीच्या तक्त्यात आहे.

आणि मग एनएमआर. रेणूतल्या प्रत्येक हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक इवलासा चुंबक. त्याला मोठ्या चुंबकक्षेत्रात ठेवलं आणि रेडिओलहरी सोडल्या की तो ठरावीक लहरीला प्रतिसाद देतो. नेमक्या कुठल्या, ते त्याच्या भोवती इलेक्ट्रॉनचं आवरण किती दाट आहे यावर ठरतं. ऑक्सिजनशेजारच्या हायड्रोजनचा सूर वेगळा, कार्बनच्या टोकाच्या हायड्रोजनचा वेगळा. विद्यापीठांत सर्रास दिसणाऱ्या ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात ९.४ टेस्लाचं क्षेत्र असतं, म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या दोन लाख पटींहून जास्त. त्याचं अतिवाहक वेटोळं द्रवरूप हेलियमात उणे २६९ अंशांना बुडवून ठेवतात. खिशात चावी घेऊन जवळ जाऊ नका म्हणून दारावर पाटी असते.

१९५१ मध्ये स्टॅनफर्डमध्ये तिघांनी साध्या अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा, असा आलेख प्रसिद्ध केला. तीन शिखरं, क्षेत्रफळांचं प्रमाण ३ : २ : १. इथेनॉलच्या रेणूत एका टोकाला तीन हायड्रोजन, मध्ये दोन, आणि ऑक्सिजनवर एक. कागदावर गेली कित्येक दशकं काढली जाणारी रचना प्रथमच इतक्या सरळपणे स्वतः बोलली. त्या शोधनिबंधावर आर्नल्ड आणि पॅकार्ड यांच्या जोडीला तिसरं नाव होतं एस. एस. धर्माट्टी. ते पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी एनएमआरचं काम उभं केलं. जगातल्या प्रत्येक केमिस्ट्रीच्या पाठ्यपुस्तकात जो आलेख भेटतो त्याच्या जनकांपैकी एक कुलाब्यात काम करत होता, हे आपल्या एमएस्सीच्या वर्गात फारसं सांगितलं जात नाही. सांगायला हवं.

पदव्युत्तर शिक्षणाची गोष्ट मराठीत लिहायची आणि कमला सोहोनींचं नाव घ्यायचं नाही हे शक्य नाही. जन्म १९११ चा, माहेरचं आडनाव भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. कमलाबाई १९३३ मध्ये रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी आहे म्हणून नकार दिला. त्या थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो वर्षभराच्या परीक्षेवर, अटी घालून. काम पाहून रामन यांना मत बदलावं लागलं आणि पुढच्या मुलींना दार उघडलं. १९३६ मध्ये एमएस्सी, मग केंब्रिज. तिथे बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे श्वसनातलं प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली ती चौदा महिन्यांच्या कामावर आणि सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर. आजचे प्रबंध तीनशे पानांचे असतात, असो. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, आणि पुढे त्या तिथल्या संचालकही झाल्या.

पण केमिस्ट्री घेतलेली बहुतेक मुलं पीएचडी करत नाहीत. ती जातात तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ इथल्या एमआयडीसीत, औषध किंवा रसायनाच्या कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या विभागात. पांढरा कोट, तीन पाळ्या, कंपनीची बस. समोर एचपीएलसी: बारीक भुकटी भरलेल्या पोलादी नळीतून औषधाचं द्रावण दाबाने ढकलायचं, प्रत्येक घटक आपापल्या ओढीनुसार मागेपुढे होत बाहेर पडतो आणि पडद्यावर आपलं शिखर काढून जातो. शिखर मर्यादेबाहेर गेलं तर तो ओओएस, आउट ऑफ स्पेसिफिकेशन. आणि इथे कॉलेजची हुशारी कामाला येत नाही. सॅम्पल पुन्हा टोचून "बरोबर" आकडा येईपर्यंत थांबता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असतो. कुणी, किती वाजता, कितव्यांदा इंजेक्शन दिलं, कोणता निकाल बाजूला टाकला, सगळं नोंदलं जातं, आणि परदेशी तपासनीस आधी तेच उघडतो. जुळवलेल्या रीडिंगमुळे अख्ख्या कारखान्याची निर्यात बंद होऊ शकते. नव्या मुलांना पहिले काही महिने हाच धक्का पचवायचा असतो. पीएच मीटर वापरायला ती आठवड्यात शिकतात.

या मुलांच्या कामाची सगळ्यात मोठी परीक्षा २०१८ मध्ये सुरू झाली. रक्तदाबावरच्या वाल्सार्टन या औषधात एनडीएमए नावाचा नायट्रोसामीन सापडला. हा कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता मानली जाते. त्याची दिवसाची मर्यादा ठरली ९६ नॅनोग्रॅम, आणि काही गोळ्यांत तो २० मायक्रोग्रॅमपर्यंत निघाला, म्हणजे मर्यादेच्या दोनशे पट. कितीतरी देशांत साठे परत मागवावे लागले. तो आला कुठून? उत्पादनाची पद्धत बदलताना उरलेलं अ‍ॅझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट वापरलं होतं. द्रावक होता डायमिथिल फॉर्मामाइड, आणि त्यात डायमिथिल अमीनचा अंश येतो. नायट्राइट, आम्ल आणि द्वितीयक अमीन एकत्र आले.

ही क्रिया टीवायच्या जर्नलमध्ये असते. प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक अमीन ओळखायच्या कसोटीत: अमीनमध्ये थंड आम्ल आणि सोडियम नायट्राइट घाला, पिवळं तेल सुटलं तर अमीन द्वितीयक. ते पिवळं तेल म्हणजे नायट्रोसामीन. रंगाच्या प्रयोगात बर्फात ठेवलेली बाटली तीच, कसोटीतली तीच, आणि कारखान्यातली पोतीही त्याच नायट्राइटची. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला शिकवली जाणारी ही गोष्ट औषध कंपन्यांच्या आणि त्यांना परवानगी देणाऱ्या खात्यांच्या नजरेतून वर्षानुवर्षं निसटली, कारण अपेक्षित अशुद्धींच्या यादीत ती कुणी लिहिलीच नव्हती आणि जे शोधलं जात नाही ते शिखर एचपीएलसीच्या नेहमीच्या चाचणीत दिसतही नाही. नंतर यादी वाढत गेली. घराघरांत आम्लपित्तावर घेतली जाणारी रॅनिटिडिन अमेरिकेतल्या बाजारातून २०२० मध्ये काढून घ्यायला लावली ती याच एनडीएमएपायी, कारण साठवणीत, विशेषतः उष्णतेत, तिच्यात तो वाढत जातो. आता प्रत्येक औषधाच्या प्रत्येक पायरीवर नायट्राइट कुठे आहे आणि अमीन कुठे आहे याचा कागद तयार करावा लागतो. आपल्याकडच्या कारखान्यांत तो कागद भरायला बसलेली माणसं बऱ्याचदा बीएस्सी किंवा एमएस्सी केमिस्ट्री झालेली असतात.